चंद्रोदयाची दुरुस्ती

आमचा प्रकल्प अगदी लहान होता. फोनवर तिथी, सण आणि उपासाचे दिवस दाखवणारं फुकट पंचांग. ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. आलेली दुरुस्ती तपासून आत घ्यायची की परत करायची, हे ठरवणारे आम्ही तिघं. दोघं पुण्याचे आणि मी म्हैसूरला, जयलक्ष्मीपुरमच्या माझ्या घरात. नव्या माणसांच्या दुरुस्त्या माझ्याकडे यायच्या, कारण मी उत्तर लवकर देतो असं त्या दोघांचं म्हणणं होतं. लवकर देत होतो, हे खरं.

एका सकाळी अशीच एक दुरुस्ती आली. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसती तीन अक्षरं आणि एक आकडा. सोबत दोन ओळी: ‘संकष्टी चुकीच्या दिवशी दाखवली जाते. दुरुस्त केली आहे.’ कोड पाहिला तर पद्धत अगदी नवशिक्याची. आतल्या गोष्टींना इंग्रजी नावं असायला हवीत तिथे ‘ugavla’, ‘chandra’ असलं काहीतरी, आणि आपलं काम बरोबर चालतंय हे सिद्ध करणारी एकही टेस्ट नाही. मी उभ्याउभ्याच कॉफी पीत लिहिलं, ‘तिथी सूर्योदयावरून धरतात. आधी प्रकल्पाची माहिती नीट वाचा, मग पाठवा.’ दुरुस्ती बंद केली आणि ऑफिसला गेलो.

त्या रविवारी शहराबाहेर हूटगळ्ळीला दादाकडे जेवायला गेलो होतो. दादा निवृत्त झाल्यावर त्याने आणि वहिनींनी तिकडे नवं घर बांधलं होतं. जेवण झालं, दादा आत आडवा झाला. वहिनी टेबल पुसत होत्या. पुसता पुसता त्यांनी विचारलं, “भावजी, तुम्ही सगळ्यांनाच असं लिहिता, की मलाच?”

“कसं?”

“आधी नीट वाचा, मग पाठवा.”

वहिनींनी फडकं ठेवलं आणि मुलीचा जुना लॅपटॉप आणून माझ्यापुढे उघडला. ती तीन अक्षरं त्यांच्या माहेरच्या नावाची होती.

“मुलगी बेंगळूरला, हे दिवसभर पेपर वाचणार. सुम्ने, नुसतं बसून काय करू?” त्या म्हणाल्या. “फुकटचे धडे असतात ना, ते बघून शिकले. वर्ष झालं. तुमचं पंचांग तुम्ही करता म्हणून तेच उघडलं. माझा उपास चुकला होता गेल्या महिन्यात. शेजारच्या बाईंनी आदल्या दिवशीच सोडला, आणि मी तुमचं बघून दुसऱ्या दिवशी धरला.”

“पण वहिनी, तिथी सूर्योदयाची...”

“बाकीची. संकष्टीला चंद्र उगवताना चतुर्थी असावी लागते. तुम्हालाच तर गच्चीवर पाठवायचो, भावजी.”

खरंच पाठवायच्या. मंडी मोहल्ल्यातल्या आमच्या जुन्या घराची गच्ची, शेजारी वाळत घातलेल्या साड्या, आणि मी नववीतला, मान वर करून उभा. आमचे पणजोबा कापड रंगवायचे. आमच्यापर्यंत त्यातलं फक्त आडनाव आलं होतं. वहिनी त्या वर्षी लग्न होऊन आल्या होत्या, गणितात बी.एस्सी. होऊन. खाली आई आणि त्या उपाशी बसलेल्या, आणि मी वरून ओरडायचो, “अजून नाही.” कधी ढग असले की तासभर जायचा. मग चंद्र दिसला की धडधडत जिना उतरायचो, आणि ताटं वाढली जायची. इतकी वर्षं चंद्र पाहून ताटावर बसलेला मी, आणि कोड लिहिताना ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याच वर्षी वहिनींनी माझी भूमिती सुधारली होती. माझी वही घेऊन त्या चुकलेल्या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक टिंब द्यायच्या, आणि काय चुकलं ते सांगायच्या नाहीत. “परत बघा,” एवढंच. मी चिडायचो, पण बघायचो. त्याच वहिनींची दुरुस्ती मी दोन मिनिटांत परत पाठवली होती.

“माझं चुकलं,” मी म्हणालो.

“ते राहू दे. नावं इंग्रजीत का हवीत, ते सांगा.”

मग ती दुपार आम्ही त्या टेबलावर घालवली. नावं का बदलायची ते मी सांगितलं, कारण पंजाबातला कुणी वाचेल, केरळातला वाचेल. त्यांना पटलं. टेस्ट म्हणजे काय हेही सांगितलं: उत्तर आधीच ठाऊक असलेला एखादा दिवस घ्यायचा आणि प्रोग्रॅम तेच उत्तर देतो का ते पाहायचं. वहिनींनी कपाटातून मागच्या सात-आठ वर्षांची छापील पंचांगं काढली. त्यातल्या संकष्ट्या त्या वाचून दाखवत होत्या, मी लिहीत होतो.

“दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी असली तर?” मी विचारलं.

“पहिल्या दिवशी. हे तुमच्या कोडात नाही ना? माझ्यातपण नाही,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच खुर्ची ओढून ते लिहायला बसल्या. दादा उठून आला, त्याने आमच्याकडे पाहिलं, आणि स्वतःच चहा टाकला.

घरी आल्यावर मी ती बंद केलेली दुरुस्ती पुन्हा उघडली, आणि तिच्याखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की माझा शेरा चुकीचा होता, पाठवणाऱ्या व्यक्तीचं बरोबर आहे. पाठवणारी कोण हे लिहिलं नाही. वहिनींनीच नको म्हटलं होतं. पुण्याच्या एकाने अजून दोन बारीक सूचना केल्या, वहिनींनी त्या दोन दिवसांत पुऱ्या केल्या, आणि बुधवारी दुरुस्ती आत गेली.

पुढची दोनेक वर्षं बहुतेक रविवारी आमची अशी बैठक व्हायची. जेवण, मग लॅपटॉप, मग दादाचा चहा. आता दादा-वहिनी नातवासाठी बेंगळूरला राहतात, हूटगळ्ळीच्या घरात भाडेकरू आहेत. वहिनी अजूनही काम करतात. नव्या लोकांना उत्तरं आता त्याच देतात, माझ्यापेक्षा सावकाश. परवा एका मुलीला त्यांनी लिहिलेलं मी वाचलं: ‘विसावी ओळ परत बघाल का? घाई नाही.’ त्या मुलीने तीन दिवसांनी बरोबर करून पाठवलं. रविवारी जेवण झालं की मात्र मला काय करावं ते चटकन कळत नाही. वहिनींना फोन लावतो, तर मागे नातू रडत असतो, आणि त्या म्हणतात, “भावजी, थोड्या वेळाने.”