देवीच्या पायचं मीठ

देवीवर रागावून मी नवस बोलले, हे आधीच सांगून टाकते. लोक भक्तीनं बोलतात, मी भांडून बोलले. मागच्या दिवाळीनंतर माझं मोठं आतडं काढून टाकावं लागलं. आठ-नऊ वर्षं त्याला आतून जखमा होत होत्या. दिवसातून वीस-वीस वेळा संडास, रक्त, औषधं, पथ्यं, सगळं करून झालं होतं. शेवटी डॉक्टरांनी ते काढलं आणि पोटाच्या उजव्या अंगाला लहान आतड्याचं तोंड बाहेर आणून त्यावर पिशवी लावून दिली. जे यायचं ते त्या पिशवीत. जीव वाचला, खोटं कशाला बोलू? पण मी नागपूरजवळच्या वाडीला खानावळ चालवणारी बाई. गोदामांतले हमाल, ट्रकांचे ड्रायव्हर, भाड्याच्या खोल्यांतली माणसं, असे पन्नास-साठ जण माझ्या हातचं जेवतात. रांधणाऱ्या बाईच्या पोटाला ही असली पिशवी, हे मला सहनच होईना. पदराखाली ती झाकून मी पोळ्या लाटायची आणि मनात देवीला विचारायची, काय घोडं मारलं होतं मी तुझं?

डॉक्टर म्हणाले होते, तब्येत नीट राहिली तर पावसाळ्यात दुसरं ऑपरेशन करू, आतडं आतल्या आत जोडू, पिशवी निघेल. त्या एका वाक्यावर मी जगत होते. म्हणून वैशाखात देव्हाऱ्यापुढं बसले आणि म्हटलं, पिशवी निघू दे, पाच मंगळवार अळणी करते, पाचव्याला येऊन ओटी भरते. आमच्या कुळाची देवी खाप्याच्या पुढे, कन्हान नदीच्या काठावर आहे. अळणी म्हणजे त्या दिवशी मिठाचा कण जिभेवर ठेवायचा नाही. माझ्या आईनं हे केलं, सासूनं केलं, कोणाला काही झालं नाही. मला वाटलं, जन्मभर मोठ्या गंजात, पन्नास माणसांच्या पातेल्यात, अंदाजानं मीठ टाकलं, कधी हात चुकला नाही, तेच मीठ सोडलं तर देवीला माझी कळकळ कळेल. आमचे हे ऐकून हसले. "अवं, मीठ सोडून राह्यली, त्यापरीस राग सोड ना," म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

ह्यांच्याबद्दल इथंच सांगते, नाहीतर राहून जाईल. हे गोदामात चाळीस वर्षं नोकरी करून घरी बसलेले. पिशवीची चकती आतड्याच्या मापानं कात्रीनं कापावी लागते. मला तिकडं बघवतही नसे, म्हणून पहिल्या दिवसापासून ते काम ह्यांनी घेतलं. चष्मा नाकावर ओढून, जीभ दाताखाली धरून, असं गोल कापायचे की दवाखान्यातली सिस्टरही बघत राहिली. त्याच सिस्टरनं घरी सोडताना मला एक कागद दिला होता, काय खायचं, काय प्यायचं, कशाला घाबरायचं. ती समजावत होती तेव्हा माझं लक्ष पिशवीतून आवाज येतो का याकडे होतं. घरी आल्यावर मी त्या कागदाची घडी करून देवीच्या फोटोमागं ठेवली. आमच्याकडे महत्त्वाचं सगळं तिथंच जातं.

पहिले दोन मंगळवार निभावले. तिसऱ्यापासून पिशवी लवकर भरू लागली, आणि भरायची तीही नुसत्या पाण्यासारखी. ऊन तर असं की कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. घसा कोरडा, म्हणून मी माठ जवळ घेऊन बसायची. वाळा घातलेलं गार पाणी, तांब्यावर तांब्या. आपल्या नागपुरात उन्हाळ्याला दुसरं काय औषध सांगतात? पाणी पी, पाणी पी. मी पीत होते. जितकं प्यायची तितकी पिशवी भरायची, आणि तहान होती तिथंच. लघवी दिवसातून एकदा, तीही चहाच्या रंगाची. उठले की डोळ्यांपुढं अंधारी. पायांच्या पोटऱ्या वळायच्या. बोटातली अंगठी सैल होऊन पिठात पडली, तर मी म्हटलं, वय झालं. ह्यांनी दोनदा सांगितलं, दवाखान्यात फोन लावू. मी म्हटलं, एवढं पाणी पिते, मला काय धाड भरली? आणि माझा स्वभाव एवढ्यावर थांबेल तर ना! चौथा मंगळवार झाला तरी देवीचा कौल कळेना, तेव्हा मी नवस वाढवला. शेवटचा आठवडाभर मीठ बंद. देवीवर उपकार करायला निघाले होते मी.

पाचवा मंगळवार नवतप्यात, उन्हाच्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत आला. सकाळची बस धरून आम्ही खाप्याला गेलो, तिथून ऑटोनं देवळात. पायऱ्या दहा-बाराच आहेत, पण पाचव्या पायरीवर पाय उचलेना. ह्यांनी धरून मला मंडपात खांबाला टेकवलं आणि नारळ-फुलं आणायला गेले. मी गाभाऱ्याकडे बघत होते. देवीचा चेहरा दोन-दोन दिसत होता. हात जोडायला गेले तर बोटं आखडलेली, सरळ होईनात. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मनात म्हटलं, माय, मी तुझ्याशी भांडले, चुकलं माझं. आता तूच बघ. माझ्याकडे मागायचंही काही उरलं नव्हतं. पिशवीसुद्धा आठवली नाही.

तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन बसली. साठीची असेल, उन्हानं रापलेली, हाताची बोटं लालसर. "काहून वं माय, अशी काहून बसली?" म्हणाली. उत्तराची वाट न बघता तिनं माझा हात हातात घेतला आणि मनगटाच्या वरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. "पाह्य," ती म्हणाली, "खाली बसत नाही. लघवीले कधी गेल्ती?" देवळात, परक्या बाईनं हे विचारावं! पण मी सांगितलं, काल संध्याकाळी. आणि कोण जाणे का, जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, पोटाला पिशवी आहे म्हणून. ती तोंड वाकडं करेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मंग त लवकर जाते तुह्यं पाणी. मिरची खुडाले जातो आमी बाया, भिवापूरले. उन्हात अशाच पडतेत. साध्या पाण्यानं नाही होत वं, मीठ पाह्यजे."

मी मान हलवली. म्हटलं, मावशी, मी अळणी आहे, आजचाच दिवस, नवस मोडतो. ती उठून सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली. मागाहून पाजताना तिनंच सांगितलं, तिच्या नातीच्या हातावर चामखिळी होत्या. त्या गेल्या म्हणून तिनं देवीला मीठ वाहिलं होतं, थोड्याच वेळापूर्वी. आपल्याकडे चामखीळ जावी म्हणून देवाला मीठ बोलतात, तसं. देवीच्या पायांशी त्याच मिठाचा छोटा ढीग होता. तिनं हात जोडले, त्यातलं चिमूटभर उचललं, प्रसादाची साखर मूठभर घेतली आणि आपल्या पाण्याच्या बाटलीत टाकून बाटली हलवत माझ्यापुढं येऊन बसली. "हे मी देल्लं नाही," म्हणाली. "तिच्या पायचं हाये. तिनं देल्लं. आता नाही म्हनशीन त तिले नाही म्हनशीन."

मी बाटली तोंडाला लावली. पहिला घोट जिभेवर आला आणि मला रडूच कोसळलं. आठ दिवसांनी मीठ! पन्नास माणसांना रोज वाढणारी मी, आणि मिठाची चव विसरले होते. "घटाघटा नको, चमचा-चमचा घे," असं म्हणत ती बाटलीचं झाकण भरभरून पाजत राहिली, लहान लेकराला पाजावं तसं. हे नारळ घेऊन आले तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिनं ह्यांनाच झापलं, "पाहून काय राह्यले बाप्पा? गाडी बोलवा. घरी नका नेऊ, सिद्धे दवाखान्यात न्या." ह्यांनी नारळ तिथंच देवीपुढं ठेवला आणि धावले. ओटी भरायची राहिली. गाडीत बसवताना तिनं ती बाटली माझ्या मांडीत ठेवली. तिचं नाव मी विचारलं नाही. शुद्धच कुठं होती!

नागपूरच्या दवाखान्यात चार दिवस सलाईन लागलं. आमचे डॉक्टर सौम्य माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. म्हणाले, "ताई, मूत्रपिंडं बसायला आली होती. रस्त्यात थोडं मीठ-साखर पोटात गेलं ते बरं झालं." मग त्यांनी समजावलं, आणि या खेपेला मी ऐकलं. मोठं आतडं पाणी आणि मीठ परत शोषून घेतं. ते नसेल तर दोन्ही पिशवीतून वाहून जातात. त्यावर नुसतं साधं पाणी ढोसलं की ते उरलेलं मीठही ओढून नेतं. पिशवी पाण्यासारखी झाली, लघवी गडद झाली, चक्कर आली, पोटऱ्यांत वांब आले, की ओआरएस घ्यायचं, थोडं थोडं, आणि लगेच फोन करायचा. दुसरं ऑपरेशन तूर्त पुढं ढकललं. जी पिशवी निघावी म्हणून नवस केला, तिच्या निघण्याच्या आड तो नवसच आला. देवीवर मी ढकलू शकले असते. पण तिच्या पायचं मीठ पोटात होतं, भांडायला तोंडच नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी देवीचा फोटो उचलून मागचा कागद काढला. घडीच्या काठावर माझ्याच बोटांचं हळदीकुंकू. ह्यांनी मोठ्यानं वाचला. पहिल्याच ओळीत होतं की साधं पाणी फार पिऊ नये, जेवणात मीठ थोडं जास्त घ्यावं, मीठ बंद करू नये. सहा-सात महिने मी त्या कागदाला रोज नमस्कार करत होते. खाली मीठ-साखरेच्या पाण्याचं मापही होतं; ह्यांनी तो कागद पुन्हा फोटोमागं न ठेवता ओट्यावरच्या भिंतीला चिकटवला.

त्या मावशीला शोधायला आम्ही दोन मंगळवार देवळात गेलो. भेटली नाही. ती देवी होती असं मी म्हणत नाही. ती भिवापूरची मिरची खुडणारी बाई होती आणि तिला जे ठाऊक होतं ते तिनं केलं. त्या दिवशी, त्याच वेळी, देवीच्या पायांशी मीठच का होतं, एवढं मात्र मला कोणी विचारू नये. मी आता नवस बोलत नाही. पिशवी निघायची तेव्हा निघेल. देवळात गेले की मिठाची पुडी ठेवते, आणि कोणी खांबाला टेकून बसलेलं दिसलं तर जाऊन विचारते.

सकाळी हे अंघोळ करून तांब्यात ओआरएस कालवतात. पुडी संपली असेल तर कागदातल्या मापानं मीठ-साखर. तांब्या देवीपुढं ठेवून हात जोडतात आणि मला हाक मारतात, "अवं, तीर्थ घे." परवा पुडी संपली होती; पहिलाच घोट घेतला आणि माझी खानावळवाली जीभ अडली. म्हटलं, "अहो, अळणी आहे. मीठ टाकायचं विसरलात." हे असे हसले की डोळे पुसावे लागले, आणि तसेच डोळे पुसत मिठाचा डबा आणायला स्वयंपाकघरात गेले.