हद्दीवरची सही

मुर्सिनाच्या भाताला सलग दोन दिवस मीठ जास्त पडलं, तेव्हा गल्लीत कुजबुज सुरू झाली. सत्तावीस वर्षं ही बाई पहाटे उठून नारळाच्या दुधातला भात शिजवते, दारात बसून विकते, मीठ टाकताना पातेल्याकडे बघतसुद्धा नाही, आणि आता हे काय? कुणी म्हणालं, वय झालं. कुणी म्हणालं, सुनेशी बिनसलं असेल. लोकांना काय, बोलायला विषय लागतो. खरं कारण होतं बुधवारची मोजणी.

देपोकच्या पलीकडची ही वस्ती एके काळी दुकूच्या फळबागांची. जकार्ता शहर फुगत फुगत दारापर्यंत आलं, बागा गेल्या, आणि उरलेल्या तुकड्यांवर भाड्याच्या खोल्या उठल्या. जमिनीचा कागद म्हणावा तर आजोबांच्या नावची सारा भरल्याची जीर्ण पावती. तेवढ्यावर दोन पिढ्या निघाल्या. आता सरकारनं अख्ख्या गावाला पक्की मालकीपत्रं द्यायचं काढलं होतं. गल्लीप्रमुख साइमिन घरोघर सांगत फिरत होता की बुधवारी दहाला मोजणीवाले येतील, हद्दीवर शेजाऱ्यानं स्वतः उभं राहून सही करायची, सही नाही तर कागद नाही.

मुर्सिनाचा शेजारी म्हणजे हाजी रोजाली. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. दोघांच्या जमिनीत भिंत नव्हती, लाल पानांच्या हांजुआंग रोपांची एक ओळ होती. आमच्याकडे हद्द अशीच लावतात. ती रोपं सांगतील ती हद्द, त्यांना कुणी हात लावत नाही.

साप्रीनं लावला होता. साप्री म्हणजे मुर्सिनाचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेला. बावीस वर्षांपूर्वी हाजी बायकोला घेऊन चाळीस दिवस हजला गेला, घराची किल्ली साप्रीकडे ठेवून. आणि या पठ्ठ्यानं काय करावं? एका रविवारी भरदिवसा सगळी रोपं मुळांसकट काढली आणि हाजीच्या जमिनीत दोन पावलं पलीकडे लावली. मुर्सिना नवऱ्याला म्हणाली, "बांग, हे बरं नव्हे." एकदाच म्हणाली. पुढं रोपांनी माना टाकल्या, तेव्हा हाजी यायच्या आत ती तरारायला हवीत म्हणून सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतणारी हीच बाई होती. रोपं तरारली. हाजी परतला, गल्ली खजूर खायला जमली, मुर्सिनानंही त्याच्या हातून झमझमचं पाणी घेतलं. ते घशाखाली कसं उतरलं, तिचं तिला ठाऊक.

मग दर ईदला तेच. नमाज आटोपली की धाकट्यांनी थोरल्यांच्या घरी जायचं, त्यांचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, आतलं-बाहेरचं सगळं माफ करा. थोरल्यांनी म्हणायचं, केलं. नेमकं काय केलं, ते कुणी विचारत नाही, विचारणं बरं दिसत नाही. मुर्सिना दरवर्षी 'आतलं' या शब्दावर जरा जोर द्यायची आणि हाजी म्हणायचा, केलं गं बाई, बस आता, जेवून जा. साप्रीच्या मयतीलाही त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं की माझं याच्याकडे काही राहिलेलं नाही. मुर्सिनानं मनाची समजूत घातली होती. सगळं म्हणजे सगळं, त्यात ती दोन पावलंही आलीच की.

आली का पण? बायकांच्या कुराणपठणाला शिकवणाऱ्या उस्ताजा नेहमी सांगायच्या, ज्यानं दुसऱ्याची वीतभर जमीन लाटली, त्याच्या गळ्यात कयामतीच्या दिवशी सात थरांची जमीन अडकवतील. ते आलं की मुर्सिना खाली चटईकडे बघत बसायची. वीतभराची ही गत, मग दोन पावलं रुंद आणि वीस पावलं लांब पट्ट्याची काय! साप्रीला तर गॅसची टाकी उचलली तरी कंबर धरून बसावं लागे. त्या बिचाऱ्याचं तिथं काय होणार?

आणि बोलायचं तरी कसं? त्या दोन पावलांवर तिच्या मुलानं, फदलीनं, स्वयंपाकघर बांधलं होतं. स्वतःच्या हातानं, एकेक वीट रचून. सून तिथंच रांधायची, नातीचा पाळणा तिथंच टांगलेला. बुधवारी हाजीची सही झाली की विषय कायमचा संपणार होता. म्हणजे जगापुरता. मुर्सिनाला नेमकी त्याचीच धास्ती होती. एकदा शिक्का बसला की साप्रीला सोडवायला कोण जाणार?

सोमवारी तिनं अंगण तीनदा झाडलं. बसली की उठायची, उठली की रोपांशी जाऊन उभी राहायची. फदली आईला म्हणाला, "न्याक, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का? मोजणी जमिनीची आहे, तुझी नाही."

मंगळवारी दुपारी तिनं मनाचा हिय्या केला, केळ्याची भजी तळली आणि ताटली घेऊन हाजीच्या ओसरीवर गेली. आज सांगायचंच. पण हाजीची कळी खुललेली. मोजणीचा विषय निघताच त्यानं साप्रीचेच गोडवे गायला सुरुवात केली. असा शेजारी मिळायला नशीब लागतं, मी हजला गेलो तर माझ्या झाडाचं फळसुद्धा त्यानं हलू दिलं नाही, उद्या मला काय बघायचंय, डोळे मिटून सही करीन. मुर्सिनानं भजी त्याच्यापुढं सारली, सांगायचं तसंच राहिलं. रिकामी ताटली घेऊन ती घरी आली आणि न्हाणीघरात नळ सोडून रडली.

बुधवारी दहाचे साडेअकरा झाले तेव्हा मोजणीवाले उगवले, दोन पोरसवदा माणसं आणि तिकाटण्यावरचं यंत्र. साइमिन कागद घेऊन पुढं पुढं करत होता. हाजी काठी टेकत आला. मोजणीवाल्यानं रोपांकडे बोट करून विचारलं, हीच हद्द ना? हाजीनं मान डोलावली, फदलीला वाकायला लावलं, त्याच्या पाठीवर कागद ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"हाजी, थांबा," मुर्सिना म्हणाली.

आणि मग तिनं सांगितलं. हजचं साल, रविवार, दोन पावलं, सगळं. एक शब्द गिळला नाही. फदली वाकलेलाच राहिला, पाठ सरळ करायचंही त्याला सुचेना. साइमिन उगाच कागदांची जुळवाजुळव करू लागला.

 हाजी काठी टेकत स्वयंपाकघराच्या कडेनं रोपांच्या अलीकडे आला, एक पाऊल, दोन पावलं, आणि त्याच्या घराकडच्या दारात थांबला. आत सून पातेल्यावर झाकण धरून उभी होती. त्यानं पाळण्याकडे बघितलं. मग वळून विचारलं, "साप्री रोपं लावत होता, तेव्हा तू कुठं होतीस?"

नव्हते मी, म्हणता आलं असतं. साप्री काही उठून खोटं पाडायला येणार नव्हता.

"पाणी घालत होते," ती म्हणाली.

हाजीनं काठी उंबऱ्यावर आपटली. राग होता तो, धडधडीत राग, आणि त्याला तो लपवायचाही नव्हता.

"सगळ्यांनी ऐका," तो म्हणाला. "साप्रीला मी माफ केलं. आता ठाऊक असून केलं. मेलेला माणूस माझ्या दारी येऊन मागू शकत नाही, म्हणून केलं. पण सिना, तू आलीस. दरवर्षी आलीस. माझा हात धरलास, माझ्या ताटात जेवलीस, आणि एकदाही तोंड उघडलं नाहीस. तुझं मला सांगता येत नाही. आज नाही. कदाचित कधीच नाही."

मुर्सिना म्हणाली, बरोबर आहे. साप्री सुटला होता. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की जीव भांड्यात पडेल. पडला नाही, पण नवऱ्यासाठी केलेल्या गोष्टीचा तिला पस्तावाही झाला नाही.

मोजणीवाल्यानं घसा खाकरून विचारलं, मग खुंट कुठं ठोकायचा? हाजीनं काठीचं टोक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकलं, म्हणजे अख्खं स्वयंपाकघर त्याच्या हद्दीत. सुनेनं पाळण्यातून पोरीला उचलून घेतलं. फदलीनं आईकडे न बघता घण आणला. खुंट कुणीतरी सरळ धरायला हवा होता. कुणी पुढं होईना, तेव्हा मुर्सिना खाली बसली, दोन्ही हातांनी खुंट धरला आणि मुलाला म्हणाली, "मार."