मोरचुदाचं पिंप

इलेक्ट्रॉन कुणी दिला आणि कुणी घेतला एवढं कळलं की जगात समजायचं काही उरत नाही, असं मानणारा एकच माणूस आमच्या केज तालुक्यात होऊन गेला. तो माझ्या मावशीचा नवरा. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले काका डाळिंबवाल्यांच्या सोसायटीत मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं औषध करून देत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रेडॉक्स अभिक्रियांच्या चार प्रकारांत बसवत. अक्षता पडल्या की पुटपुटत, "संयोग." भावाभावांच्या वाटण्या म्हणजे अपघटन. चेअरमन बदलला की विस्थापन. चपळ धातू मंद धातूला हुसकावतो, त्यात राजकारण कसलं, म्हणत. चौथ्या प्रकारात एकच पदार्थ स्वतः देतो आणि स्वतःच घेतो; तिथे मावशी होती, कारण रुसायची ती आणि समजूतही तीच काढायची.

एका दुष्काळात काका दोन दिवस पाटोद्याला गेले. मी सोसायटीत कारकून. जाताना मोरचूद आणि चुना तोलून ठेवला आणि मला बजावलं, "मोरचूद पलास्टिकातच भिजव. लोखंडात ठिवलं तर लोखंड आत जातं, तांबं भाईर पडतं. विस्थापन. ध्यानात हाय ना?"

ध्यानात होतं. पण टँकर आठ दिवसांनी यायचा आणि प्लास्टिकच्या दोन्ही पिंपांत गल्लीचं प्यायचं पाणी होतं. ते ओतून द्यायला हात धजेना. मी मोरचूद लोखंडी पिंपात भिजवलं. सकाळी निळा रंग विटला होता, पिंपाला आतून तांबूस थर. फेकून द्यायला हवं होतं. मी चुना कालवला आणि वाटून टाकलं.

औषध लागू पडलं नाही, तेल्या रोगानं डाळिंबाच्या बागा गेल्या. सभेत सगळे म्हणाले, म्हाताऱ्याचं माप चुकलं. इतिवृत्त मीच लिहीत होतो, तेही लिहिलं. सभेनंतर काकांनी पिंपात हात घालून थर नखानं खरवडला, माझ्याकडे पाहिलं. "मापच चुकलं असंल माझं," म्हणाले आणि आपला तराजू काखेत मारून घरी गेले. त्यांचं काम माझ्याकडे आलं.

पुढे एसटी स्टँडवर दिसले की मला वाटायचं, आता बोलतील. ते फक्त विचारत, तिकडं पाऊस हाय का. मी त्यांच्या घरी जायचंच सोडलं. असेच ते गेले.

गेल्या महिन्यात मावशीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

"मला त्याच दिवशी सांगितलं हुतं त्यांनी. म्हनले, त्यानं पेयाचं पानी सांडलं न्हाई, ते बरं केलं."

खडा बाजूला ठेवून म्हणाली, "तू यिऊन सांगशील म्हनून रोज एक कप चहा जास्तीचा टाकाया लावायचे."