संदर्भसूचीतला निंबा

योगिता पाटील संदर्भसूची तपासायला बसली की अख्ख्या कम्प्युटर विभागाचा जीव टांगणीला लागे. सुरतेत भेस्तानजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात ती सात वर्षं हंगामी शिकवत होती, आणि कायम व्हायचं या एकाच आशेवर सगळ्यांचे शोधनिबंध नीट करून देत होती. कुठे चौकटी कंसात आकडा हवा, कुठे आडनाव आणि साल, सगळं तिला तोंडपाठ. दयामाया मात्र नाही. धर्मेंद्र नावाच्या विद्यार्थ्याचं नाव निबंधात चुकून उलटंसुलटं छापलं गेलं, तेव्हा सगळ्यांदेखत ती म्हणाली होती, "छापलं ते छापलं. संदर्भात तसंच द्यायचं, हाच नियम." पोरगा रडकुंडीला आला, तरी हिला पाझर फुटला नाही.

खरं तर ती स्वतःच त्यात अडकली होती. वडील निंबा गोडादऱ्यात लूमवर कामाला. कापडातला दोष कॅमेऱ्याने हेरायचा, हा तिचा पहिला निबंध बापाच्याच कामावरून सुचलेला. त्यावर तिने नाव घातलं ते गुजरातेत मार्कशीटवर असतं तसं, आडनाव आधी: पाटील योगिता निंबा. जगाने शेवटचा शब्द आडनाव धरला. एकेचाळीस जणांनी त्या निबंधाचा आधार घेतला आणि सगळ्यांनी लिहिलं, 'निंबा, पी. वाय.' तिला हे केव्हाच कळलं होतं. पण संदर्भांची मास्तरीण स्वतःच्याच नावात चुकली, हे हसं तिला नको होतं. म्हणून विभागप्रमुख चंद्रकांत सरांच्या निबंधाच्या संदर्भसूचीतही तिने मुकाट्याने 'निंबा'च लिहिलं.

यंदा कायमची जागा निघाली. उमेदवाराच्या निबंधाचा इतरांनी आधार घेतलेला असावा, ही अट. मुलाखतीत सरांनी 'पाटील, वाय.' शोधलं. एकही संदर्भ सापडला नाही.

"सर, निंबा म्हणजे मीच."

"माहीत आहे मला," सर चहा ढवळत म्हणाले. "पण मॅडम, नियम तुमचाच ना? छापलं ते छापलं."

समितीतल्या बाकीच्यांनी माना खाली घातल्या. जागा विभागातल्याच कविताला मिळाली. तिच्या निबंधांची संदर्भसूची योगितानेच लावून दिली होती.

घरी निंबा वाट पाहत होता. लूमच्या खडखडाटाने त्याचे कान गेलेले.

"काय झायं, पोरी?"

खरं सांगायला तिची जीभ रेटेना. तिने मुलाखतीला नेलेली, 'निंबा'च्या संदर्भांची यादी पुढे केली आणि त्याच्या कानाशी ओरडली, "तुमनं नाव शे, आप्पा. एकेचाळीस ठिकाने."

म्हातारा हरखला. पोरीला जागा मिळाली, असंच तो समजला. सकाळी लूमवर पेढे घेऊन निघाला, तेव्हा तिने त्याला थांबवलं नाही.