थोरलीचा आवाज

आमच्या भिंतीपलीकडे शिंपीणबाईंचं दुकान आणि मागे त्यांची एक खोली. त्यांची थोरली गायला लागली की माझ्या कपाटातल्या कपबशा किणकिणायच्या. खोटं नाही सांगत! एवढ्याशा पोरीच्या गळ्यातून असा जाड, भरदार आवाज निघायचा की नवं गिऱ्हाईक डोकावून विचारायचं, "मालक आहेत का आत?" शाळेतली पोरं तिला भोंगा म्हणायची. ती हसायची आणि आणखी मोठ्यानं गायची.

पंधरावं सरलं आणि तिचं नशीब उघडलं. सिनेमावाल्यांचे कपडे बाईंकडे शिवायला आले होते. ते पोचवायला ही गेली, तिथं गुणगुणली, आणि दिग्दर्शकानं हिलाच कॅमेऱ्यापुढे उभी केली. सिनेमा शाळकरी मुलांचा, गाण्यांनी भरलेला. एका मुलीचा आवाज चारचौघींसारखा नसतो, सगळे तिला चिडवतात, आणि शेवटी ती शाळेच्या स्टेजवर आपल्याच आवाजात गाते.

"काका, ही तर माझीच गोष्ट!" मला सांगताना पोरीचे पाय जमिनीला लागेनात.

सिनेमा लागला त्या दिवशी बाई दुकान बंद करून अख्खी गल्ली घेऊन निघाल्या. मी तर इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या पुढे, जसा काही सिनेमा मीच काढलाय! पोर पडद्यावर दिसताच आम्ही शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मग ते शेवटचं गाणं आलं. पोरीनं तोंड उघडलं आणि आतून निघाला कुणाचा तरी नाजूक, पाकात घोळवलेला आवाज.

बाईंना वाटलं, मशीन बिघडलं. त्या ताडकन उठल्या. "अहो मशीनवाले, थांबवा! आवाज दुसरीचाच लावलाय तुम्ही!"

मागच्या खिडकीतून उत्तर आलं, "बाई, सिनेमा असाच आलाय. खाली बसा."

"असा कसा आलाय? माझी पोर आहे ती!"

लोक खो खो हसले. पोरीनं आईचा हात ओढला. "आई, बस ना. छान गातेय गं ती."

बाईंनी नंतर दिग्दर्शकाला गाठलं. तो म्हणाला, "काकू, तुमच्या मुलीचा आवाज लोकांना झेपला नसता."

सिनेमा तुफान चालला. तसलाच झगा शिवून घ्यायला मुली दुकानात यायच्या. "ताई, ते गाणं म्हणा ना!" ही मान खाली घालून शिलाई मारत राहायची. फारच मागे लागल्या की म्हणायची, पण त्यांना हवं तसं, गळा आवळून, बारीक. मुली खूश. हळूहळू तिचं बोलणंही तसंच झालं.

गेल्या वर्षी बाईंनी अंथरूण धरलं. मी चहा घेऊन गेलो, तर त्या लेकीला सांगत होत्या, "एकदा म्हण गं काहीतरी."

थोरली आता चाळिशीची. उशाशी बसून गायली. गोड, बारीक.

बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "ही दुसरी नको. तुझ्या आवाजात म्हण."

ती खाकरली. पाणी प्यायली. आवाज खाली, आणखी खाली न्यायला गेली, तर नुसता वारा बाहेर आला.

"सापडत नाहीये गं, आई."

"बघ ना जरा."

तिनं पुन्हा तोंड उघडलं. मी चहा तसाच घेऊन परत फिरलो.