धानाच्या ढोलीतला लॅपटॉप

नोकरीसाठी पुण्याला निघालो त्या दिवशी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बस स्टँडवर बाबा सामान चढवत होते आणि आई पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "तेथी भात भेटते ना बाबू?" मी कॉलेजातला जुना लॅपटॉप धाकट्या बहिणीच्या, वैशालीच्या हातात दिला. कंपनीत मला दुसरा मिळणार होता. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. दुसरी ती व्हावी, एवढंच मनात होतं.

पुण्यात माझ्या तोंडी डेडलाइन, शिफ्ट, वीकेंड असे शब्द बसले. घरून फोन आला की मात्र धानाची रोवणी आणि कापणी. गाव सोडलेल्यांना हे दोन भाषांतलं जगणं सांगायला नको.

एका दिवाळीत घरी गेलो तेव्हा कळलं, लॅपटॉप बंद पडलाय आणि वैशालीचं बीसीए सुटायच्या बेतात आहे. प्रोजेक्टसाठी गोंदियाच्या सायबर कॅफेत बसलं की परतीची शेवटची एसटी हुकायची. बाबांचं म्हणणं सरळ होतं: "गाडी सुटली त पोट्टी थांबल कोठी? सोड म्हना ते कंप्युटर."

बिघाडाचं कारणही बाबाच निघाले. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून, वैशाली कॉलेजला गेली की ते लॅपटॉप धानाच्या ढोलीत ठेवायचे. बांबूच्या त्या उंच कणगीत, वर कडुनिंबाचा पाला घालून. "धानाले कीड लागत नाई तेथी, त मशिनीले काय होते?" घरात त्याहून जपायची जागा त्यांना ठाऊक नव्हती. मी लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं, तर पंखा फोलपटांनी भरलेला.

साफ केल्यावर मशीन सुरू झालं, पण पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. वैशाली म्हणाली, "दादा, पुण्यात हेच शिकलास का? गोल गोल फिरते ते पाहत बसाले?"

ऑफिसातल्या एका मित्राने मला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर दिली होती. जुन्या, कमी ताकदीच्या मशीनवरही ती चालते. ती टाकायला घेतली आणि अर्ध्यात लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली. सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात ओसरीवरून बाबा म्हणाले, "उद्या सकाळी कर. सकाळची लाइट जात नाई."

सकाळी त्यांनीच टेबल उचलून बटनाच्या बोर्डाजवळ आणलं. फ्यूज उडेल म्हणून आईला मिक्सरची बंदी. चटणी पाट्यावर वाटली गेली. चहा व्हायच्या आत पडदा उजळला. वैशालीची बोटं चालायला लागली, तशी बाबांनी चौकशी केली, "आता गोंदियाले जायाचं काम नाई ना?"

"परीक्षेले त जाच लागल ना बाबा!"

"परीक्षेले मी येतो संग," ते म्हणाले.

ती पदवीधर झाली. आता लांबच्या दवनीवाड्यापासूनचे लोक बंद पडलेले लॅपटॉप तिच्याकडे आणतात. परवा फोन करून मंगळवारी येतो म्हणालो, तर म्हणते, "मंगळवारी नको येऊ दादा. पोरी कंप्युटर शिकाले येऊन राहिल्या, तुले बसाले जागा नाई."

घर आपल्याविना थांबलेलं असतं, असं मी इतकी वर्षं पुण्यात बसून समजत होतो. फोन ठेवल्यावर बराच वेळ हसू येत राहिलं. मग मी बुधवारचं तिकीट काढलं.