रेड्याखालचा खड्डा

सत्यशीलाला टकल्या डोंगरात सोन्याचा हंडा सापडला, असं आमच्या वाडीवर सगळे शपथेवर सांगायचे. गोजरबाई तर हंड्याचा काठ कसा होता तेही सांगायची. "अंधाराची टॉर्च घेऊन येती. दगडाला पांढरी भुकटी फासती. मग मशिनीनं भोकं पाडती. सोनं नाय तर काय, शेंगदाणे काढती व्हय?"

खरी गोष्ट एवढीच, की शेंद्र्याच्या कारखान्यात वायरिंग करणारी सत्यशीला सुट्टीत डोंगर चढायला यायची. भुकटी हाताला घाम सुटू नये म्हणून. भोकं बोल्टांसाठी, बोल्टात दोर अडकवला की हात सुटला तरी माणूस लटकतो, मरत नाही. आणि टॉर्च, कारण दगड तापायच्या आत पोचायचं. पण हे सांगितलं की वाडी डोळा मारायची आणि सत्यशीला पेटायची. आधी नाकपुड्या फुगायच्या, मग उजव्या हाताचं बोट वर जायचं, मग "आरं, डोक्यात माती भरली का तुमच्या!" असा आवाज निघायचा, की बांधावरची मेंढरं माना वर करायची.

यंदा होळीला कारखान्याला जोडून सुट्टी आली. कुठं चढायला जायचं ते ठरवायला चिकलठाण्याच्या टपरीवर तिघं बसली. सत्यशीला, तिच्याबरोबर शहरातल्या चढाईच्या भिंतीवर सराव करणारी श्रेया, आणि टॉवर बांधणाऱ्या कंपनीतला इंजिनियर विश्वजीत.

"बेसिकली, बदामी," विश्वजीत म्हणाला. "लाल दगड, बोल्ट तयार, खोल्या तयार, सकाळी इडली. फायनल."

"मला हंपीचे धोंडेपण चालले असते," श्रेया म्हणाली. "म्हणजे, माझा आग्रह नाही हं."

"टकल्याला चला," सत्यशीला म्हणाली.

विश्वजीत हसला. "सत्या, यार, उधर पीने को पानी नहीं. टँकर येतो ना तुमच्याकडं? आपल्याला सुट्टीला जायचंय, सजा भोगायला नाही."

बोट वर गेलं. "टँकर येतो! माझी माय उभी राहती त्या रांगेत, अन् मला सांगतो व्हय, टँकर येतो म्हणून? तुझे टॉवर कशानं वर चढतेत रे? इथली टेकडी गिट्टी करून खाल्ली तुम्ही. होती तवा चढलास का एकदा तरी? आता टकल्या हाय. हाय तवर ये. बदामी काय पळून चालली नाय!"

टपरीवाल्यानं उगाच गॅस बारीक केला.

आपल्या डोंगराला कुणीतरी सुट्टीला येण्याजोगा म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. पण ते तिच्या तोंडून शिव्यांसारखंच बाहेर पडायचं. तिघांत दोर घेऊन पहिलं वर जायची छाती तिचीच. ती नाही आली तर बाकीची दोघं बदामीला जाऊन खालूनच फोटो काढणार. म्हणून विश्वजीत म्हणाला, "एक दिवस बघू. नाही जमलं तर संध्याकाळी गाडी थेट बदामीला."

टकल्याच्या पायथ्याला रेडा नावाचा काळा धोंडा आहे. दोर न लावता चढायचा, हात सुटला की खाली उडी मारायची. गाडीतून उतरून तिघं तिथं गेली, तर रेड्याच्या पोटाखाली कमरेएवढा खड्डा. वरून पडणाऱ्याचा पाय मोडलाच म्हणून समजा.

"बॅगा काढू नका," विश्वजीत म्हणाला. "बेसिकली, बदामी."

सत्यशीलाचा मामेभाऊ मी, नेमका तिथंच होतो. म्हणालो, "अक्का, सांजच्याला गाडी बदामीच्या रस्त्याला. लावती पैज?"

"लावली! हरलास तर पाव्हण्यांचं पाणी तू भरायचं. टँकरवरनं, डोक्यावरनं, सुट्टी सरंपर्यंत."

आणि ती वाडीवर चालून गेली. "कुण्या मुडद्यानं खड्डा खांदला रं?" आधी सापडले वाडीतले म्हातारे आप्पा. त्यांनी बिरोबाची शपथ घेतली. मेंढरं राखणाऱ्या सांडूनं पोरांची घेतली. शेवटी तिची आई, म्हाळसाबाई, चुलीपासून उठली.

"मी खांदला. गोजरबाईनं अन् मी."

सत्यशीलाचं बोट अर्ध्यात थांबलं. "माय! तू?"

"मग काय करू? पोरगी रजा टाकून येती, घरात टेकत नाय, त्या दगडाला घासती, पुसती. म्हटलं असंल काय तरी. आईला सांगंना!"

"वरीसभर सांगते ना, नुसती चढते म्हणून!"

"नुसतं चढाया मेंढरू बी जात नाय!" म्हाळसाबाईच्या नाकपुड्या फुगल्या, उजव्या हाताचं बोट वर गेलं. बघणाऱ्याला कळलं, अक्कानं हे सगळं कुठून आणलं ते.

दोघी तशाच एकमेकींवर ओरडत रेड्यापाशी आल्या. म्हाळसाबाईच्या हातात फावडं. "मी उकरला, मीच बुजविते. सरक तिकडं!" मुरूम ओढून खड्डा भरला, पण वर सगळे दगडगोटे राहिले. विश्वजीत गाडीच्या किल्ल्या वाजवत म्हणाला, "मावशी, यावर पडलं तर कंबर जाईल."

"कुठं चालला रं? थांब तिथंच!" म्हाळसाबाई गरजली. घरात लोकरीची पोती पडून होती. मेंढरांची कातरणी दरसाल होते, पण घोंगडीवाले आता लोकर विचारत नाहीत. ती पोती मायलेकींनी ओढत आणली आणि रेड्याखाली अंथरली.

"हं. चढ. बघू तरी काय हाय त्यात."

सत्यशीला चढली. वरच्या काठाला हात लागता लागता सुटली आणि धप्पकन कानापर्यंत लोकरीत बुडाली.

"पडलीस की," म्हाळसाबाई म्हणाली.

"दिसतंय मला!"

"मग उठ! पडायला आली व्हय शहरातनं?"

पुढच्या खेपेला ती रेड्याच्या पाठीवर उभी होती. म्हाळसाबाईनं एक पोतं पायानं सारखं केलं. मग श्रेया चढली, मग विश्वजीत. तो तर पडला आणि तसाच पडून राहिला. "बेसिकली, गादी आहे यार," नाकातली लोकर काढत म्हणाला. "मावशी, याची मागची बाजू सकाळी सावलीत असते का?"

गोजरबाई तेवढी अजून मुरुमात हंडा शोधत होती.

सांज झाली. गाडीच्या किल्ल्या चुलीशेजारी लटकल्या. आणि मी शेजारच्या आवडाबाईच्या मागं टँकरच्या रांगेत उभा. भरला हंडा डोक्यावर घेऊन रेड्यापाशी आलो, तर वरून माझाच आवाज आला, अक्कानं काढलेला: "अक्का, सांजच्याला गाडी बदामीच्या रस्त्याला!"

मी वर बघायला गेलो आणि हंडा कलला.

"सांडू नको, मुडद्या!" हा मात्र तिचा स्वतःचा आवाज होता. "जा, पुन्हा रांगेत!"